मदत हवी: गुरुवारी प्लिमथला जायचंय, पेल्टियरच्या सुटकेसाठी

पाणवठा (24 नोव्हेंबर 2024)
येत्या 28 तारखेला प्लिमथला जायचं आहे. पेल्टियरला सोडा म्हणून दरवर्षी मागणी होते, तिथेच. दोन प्रश्न. पोचायचं कसं? आणि आपण काही लिहून नेलेलं चालतं का? घरात वाद पेटलाय. चार दिवस राहिलेत, 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

शेंगोळे
कुठलं प्लिमथ? इंग्लंडातही एक आहे. निघणार कुठून? किती जण?

चौकसबाई
पेल्टियर कोण?

नाक्यावरचा
लिओनार्ड पेल्टियर, अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचा, म्हणजे तिथल्या मूळनिवासींच्या हक्कांच्या चळवळीतला. 26 जून 1975 ला साउथ डकोटात पाइन रिज या मूळनिवासींच्या राखीव प्रदेशात गोळीबार झाला. त्यात एफबीआयचे दोन एजंट गेले आणि जो स्टंट्झ हा आदिवासी तरुणही. एजंटांसाठी पेल्टियरला दोन जन्मठेपा, स्टंट्झसाठी कुणावर खटलाही नाही. आता वय 80, फ्लोरिडात कोलमनच्या तुरुंगात. जुलैत पॅरोल परत नाकारला.

कायद्याचं_बोला
अर्धीच गोष्ट सांगू नका. जखमी एजंटांना अगदी जवळून गोळ्या घातल्या होत्या. 2000 साली क्लिंटन याला सोडतील या भीतीने एफबीआयची पाचेकशे माणसं व्हाइट हाउसवर चालत गेली, ती काय हौसेने?

नाक्यावरचा
मग उरलेली अर्धी तुम्ही सांगा ना. रोबिडो आणि बटलर याच गुन्ह्यातले आरोपी, त्यांना सीडर रॅपिड्सच्या ज्युरीने स्वसंरक्षण म्हणून सोडलं. पेल्टियरचा खटला फार्गोला, दुसऱ्या न्यायाधीशापुढे. त्याला कॅनडातून आणायला जिची प्रतिज्ञापत्रं वापरली ती बाई नंतर फिरली. बंदुकीच्या तपासणीचा, सरकारला अडचणीचा अहवाल बचावाला दिलाच नव्हता. पुढे याच खटल्यातल्या सरकारी बाजूच्या रेनॉल्ड्स वकिलांनी बायडनना पत्र लिहिलं, सोडा म्हणून.

रानवाट
एवढं लांब कशाला? आदिवासींसाठी लढणारे स्टॅन स्वामी आपल्या तळोज्याच्या तुरुंगात होते. कंपवात, पाणी प्यायला स्ट्रॉ मागावी लागली. 5 जुलै 2021 ला कैदेत असतानाच वारले. तेव्हा किती जण जमलो आपण?

कायद्याचं_बोला
आलंच का ते इथे!

शेंगोळे
धागाकर्ते, व्हिसा कुठला?

पाणवठा
व्हिसाचा काय संबंध? बोस्टनहून निघणार. गाडी नाही.

शेंगोळे
संबंध आहे. उद्या पोलिसांनी उचललं तर पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला बोंब.

पाणवठा
बरं. एच-वन, नोकरीचा, जानेवारीत मुंबईला स्टॅम्पिंग. आणि आई बरोबर आहे, वय 71, एक गुडघा बदललेला. खरं तर जायचं तिलाच आहे. नवापूरकडे आश्रमशाळेत 31 वर्षं शिकवलं तिने. ऑफिसात कॉफी मशीनपाशी पत्रक लावलं होतं, ते मी घरी आणलं, तिथेच चुकलं. जुन्या इरकलीच्या पदरावर 'पेल्टियरला सोडा' शिवायला घेतलंय, 'पे' आणि 'ल्टि' झालेत. बायको म्हणते स्टॅम्पिंग होईपर्यंत गप्प बसा.

मोरावळा
हे आधी सांगायचं होतं! मी दोनदा गेलेय. दुपारी 12 ला कोल्स हिलवर, मॅसासोइट या मूळनिवासी प्रमुखाच्या पुतळ्यापाशी. 1970 पासून मूळनिवासी जमतात, त्यांच्यासाठी तो गुरुवार थँक्सगिव्हिंगचा सण नाही, शोकदिन. बोलतात फक्त मूळनिवासी, आपण मागे उभं राहून ऐकायचं. 1997 ला पोलिसांनी धरपकड केली होती, त्यानंतर समझोता झाला, आता मोर्चा शांतपणे निघतो. ट्रेनने किंग्स्टनला उतरा, पुढे टॅक्सी. सुट्टीचं वेळापत्रक बघूनच निघा. पावसाचा अंदाज आहे आणि टेकडीवर समुद्राचा वारा अंगात घुसतो, आईंसाठी घडीची खुर्ची न्या. मोर्चात चालवू नका. पदर खुशाल न्या, फक्त बोलणाऱ्यांच्या पुढे धरू नका.

गोडाधोडाचं
त्या दिवशी टर्की नको असेल तर अख्खा फ्लॉवर तंदुरी मसाला लावून ओव्हनमध्ये, 200 अंशावर. पाककृती हवी का?

ऱ्हस्वदीर्घ
'सोडा' लिहू नये. सोडा बाटलीत असतो. 'मुक्त करा' लिहा.

पाणवठा
आई म्हणते 'मुक्त करा'ला कापड पुरणार नाही.

पाणवठा (29 नोव्हेंबर)
जाऊन आलो. भिजून चिंब. पदराचा लाल रंग आईच्या पांढऱ्या स्वेटरवर उतरला. शेजारच्या आजींनी अक्षरांवरून बोट फिरवत हे काय लिहिलंय विचारलं. आईने तिच्या इंग्रजीत सांगितलं. त्या 'सोडा' दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा बरोबर. मोरावळा, खुर्चीसाठी आभार. बायको अजून बोलत नाही.

मोरावळा (21 जानेवारी 2025)
धागा वर काढतेय. काल बायडननी जाता जाता पेल्टियरची शिक्षा बदलली. तुरुंगातून घरी!

कायद्याचं_बोला
नीट वाचा. माफी नाही. दोष तसाच, उरलेली शिक्षा घरात नजरकैदेत.

ऱ्हस्वदीर्घ
म्हणजे मुक्त नाही केलं. नुसतं सोडलं. आईंचा शब्द बरोबर होता, माझा मागे घेतो.

पाणवठा
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, स्वेटरचा डाग कशाने जाईल ते विचार. (स्टॅम्पिंग झालं.)

गोडाधोडाचं
व्हिनेगर.