‘द स्मॉलेस्ट शो ऑन अर्थ’ : शेवटची आग विनोदात बसते का?

पिटातला प्रेक्षक :
बेसिल डिअरडेन यांचा १९५७ चा हा ब्रिटिश विनोदपट काल पुन्हा पाहिला. कफल्लक लेखक मॅट स्पेन्सर याला चुलत आजोबांकडून वारसाहक्काने थिएटर मिळते, आणि तो पत्नी जीनसह मोठ्या आशेने तेथे पोहोचतो, तेव्हा समोर उभे असते दोन रेल्वे पुलांच्या बेचक्यातले मोडकळीला आलेले ‘बिजू’. तीन वृद्ध नोकरही त्याच्याबरोबरच वारशात येतात. इथवर सारे निर्मळ आहे. पण शेवटी त्यांच्यातला टॉम प्रतिस्पर्ध्याचे ‘ग्रँड’ थिएटर जाळतो आणि त्या आगीतूनच नायकाचे भले होते. एवढ्या सौम्य चित्रपटात हे खटकत नाही का?

जुनी रीळ :
मला खटकले नाही. ‘ग्रँड’च्या हार्डकॅसलला ‘बिजू’ पाडून तेथे मोटारी उभ्या करायच्या असतात, त्यासाठी तो केवळ ५०० पौंड देऊ करतो आणि पुढे त्या तीन वृद्धांपैकी प्रोजेक्टर चालवणाऱ्या, दारूपुढे दुबळ्या पडणाऱ्या क्विलच्या हाती दारू पडेल अशी व्यवस्थाही करतो. आगीनंतर मात्र धंदा चालू ठेवण्यासाठी त्यालाच १०,००० पौंड मोजून ‘बिजू’ घ्यावे लागते. सहलेखक विल्यम रोझ यांनीच १९५५ चा ‘द लेडीकिलर्स’ लिहिला होता, आणि तेथेही चोरीचा पैसा अखेर म्हाताऱ्या घरमालकिणीकडेच राहतो. हा खट्याळपणा त्यांच्या लेखणीतच आहे.

टुरिंग टॉकीज :
हिशेब जुळतो हे मान्य, तरी माझ्या लेखी चित्रपट आगीपूर्वीच शिखर गाठतो. रात्री रिकाम्या थिएटरात हे तिघे वृद्ध केवळ स्वतःसाठी सेसिल हेपवर्थ यांचा १९२३ चा मूकपट लावतात. मार्गारेट रदरफर्ड यांच्या मिसेस फझॅकली पियानोवर साथ करतात आणि एरवी आगगाडी गेली की हादरणारे ते खुराडे काही क्षण देवळासारखे शांत वाटते. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या माझ्यासारख्याला तेथे हसू येत नाही. (क्विल झालेले पीटर सेलर्स तेव्हा अवघ्या तिशीचे होते, हे सांगूनही खरे वाटत नाही!) या प्रसंगानंतर आग म्हणजे कथा आटोपण्यासाठी शोधलेली पळवाट वाटते.

जुनी रीळ :
उलट, त्याच प्रसंगामुळे आग पटते. मॅट आणि जीन यांना ‘बिजू’ विकून मोकळे व्हायचे आहे, टॉमला मात्र दुसरे घर नाही. त्याची हौस काय, तर दारावर उभे राहायला एक गणवेश. निरोपाच्या वेळी, दुसरा मार्गच नव्हता ना, असे तो इतक्या निरागसपणे विचारतो की गाडीत बसलेल्या त्या दोघांना नेमके काय घडले हे तेव्हा कुठे उमगते.

पिटातला प्रेक्षक :
गणवेशाचा धागा माझ्या नजरेतून निसटला होता. आज रात्री शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहतो.