सशाच्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीची नवी लॉट आली आणि वेस्टर्न ब्लॉटवर जास्तीचे बँड दिसायला लागले

पेशीवाली:
गेले दोन आठवडे यातच अडकलेय म्हणून विचारते. माझं प्रोटीन ५५ किलोडाल्टनचं, सशाच्या पॉलिक्लोनलने (एकाच प्रोटीनचे वेगवेगळे भाग ओळखणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) वर्षभर एकच स्वच्छ बँड यायचा. ती वायल संपली, तोच कॅटलॉग नंबर परत मागवला पण लॉट वेगळी आली, आणि आता ५५ शिवाय ७० ला आणि ४० ला पण बँड येतोय. प्रायमरी (म्हणजे हीच अँटिबॉडी) १:१००० पातळ करून रात्रभर ४ डिग्रीला, ५ टक्के दुधात ब्लॉकिंग, सगळं तेच आहे. थीसिसमधल्या जुन्या फिगर्स पण चुकीच्या ठरतील का या विचाराने झोप उडालीये.

ब्लॉट_रोज:
आधी एक पट्टी प्रायमरी न लावता नुसत्या अँटी-रॅबिट सेकंडरीवर (सशाच्या अँटिबॉडीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) चालवा, त्यात तेच बँड दिसले तर ते प्रायमरीमुळे नाहीत. आणि लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) इम्युनोप्रेसिपिटेशनचं, म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीन ओढून काढलेलं, नाही ना? ते पण सशाच्याच अँटिबॉडीने केलं असेल तर त्या अँटिबॉडीचीच हेवी चेन ५० ला आणि लाइट चेन २५ ला दिसते, तुमच्या ५५ च्या अगदी शेजारी.

जुना_हात:
कॅटलॉग नंबर तोच असला तरी सिरम दुसऱ्या सशाचं असू शकतं हो, आणि प्रत्येक सशाची अँटिबॉडीची सरमिसळ वेगळीच, म्हणून १:१००० हा आकडा नव्या लॉटला जसाच्या तसा लावायचा नाही. १:२०००, १:५०००, १:१०००० असं पातळ करत टायट्रेशन करा, नको ते बँड बऱ्याचदा आधी जातात. पण खरा पुरावा नॉकडाऊनचाच, म्हणजे पेशीत ते प्रोटीन बनणंच कमी करून बँड कमी होतो का ते बघायचं. ब्लॉकिंग पेप्टाइडवर (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो प्रोटीनचा छोटा तुकडा) विसंबू नका, पेप्टाइड टाकलं की चुकीच्या प्रोटीनला चिकटणारी तीच अँटिबॉडी पण अडते, मग सगळेच बँड जातात आणि आपल्याला वाटतं सगळेच खरे होते. आणि अँटिबॉडी सोडियम अझाइड घालून साठवत असाल तर एचआरपी (बँड दाखवणारं एन्झाइम) लावलेल्या सेकंडरीत ते जाऊ देऊ नका, एन्झाइमच बंद पडतं.

पेशीवाली:
खूप आभार दोघांचेही. लायसेट साधंच आहे, आयपीचं (इम्युनोप्रेसिपिटेशनचं) नाही. सेकंडरीची पट्टी एकदम कोरी आली. १:५००० ला ७० चा बँड गेला. siRNA ने नॉकडाऊन केल्यावर ५५ कमी झाला, पण सोबत ४० पण तितकाच कमी झाला!! म्हणजे ४० माझ्याच प्रोटीनचा?

जुना_हात:
बहुतेक हो, एकतर तुकडा असेल नाहीतर छोटा आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनचं आखूड रूप). पॉलिक्लोनल अनेक एपिटोप (प्रोटीनवरच्या चिकटायच्या जागा) धरते ना, त्यामुळे तुटलेला तुकडा पण तिला सापडतो, जुन्या लॉटमध्ये त्या भागाच्या अँटिबॉडी कमी असतील म्हणून दिसत नसेल. जुना बँड ५५ लाच होता आणि siRNA ने तोच कमी झालाय, त्यामुळे त्या फिगर्सची काळजी करू नका. लायसेट किती दिवसांचं आहे?

पेशीवाली:
तीन महिन्यांचं, आणि दोन-तीनदा वितळवून परत गोठवलंय. प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स रोखणारं) त्या वेळी संपलेलं होतं.

ब्लॉट_रोज:
मग उद्याच बर्फावर ताजं लायसेट करा, इनहिबिटर घालून, आणि जुनं त्याच जेलवर शेजारच्या लेनमध्ये लावा. ४० फिका झाला तर तो तुटलेला तुकडाच.

पेशीवाली:
ताज्या लेनमध्ये ४० जवळजवळ नाहीच, जुन्यात ठळक. आता या लॉटच्या आणखी वायल घेऊन ठेवते आणि लॉट नंबर मेथड्समध्ये लिहिते.