विखुरलेल्या नोंदींची ग्रिड: जिथे मोजलंच नाही, ते चौकोन भरायचे का?

समोच्च: माझं मत स्पष्ट आहे, भरू नयेत. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं 'ग्रिडडेटा' विखुरलेल्या नोंदींवरून ग्रिडच्या चौकोनांच्या किमती काढतं. त्यात लिनियर किंवा क्युबिक पद्धत निवडली की बिंदूंच्या बाहेरच्या घेरापलीकडे 'नॅन' (किंमत नाही, अशी खूण) येतं. पुष्कळ जण ते 'निअरेस्ट'ने, म्हणजे सर्वांत जवळच्या नोंदीच्या किमतीने, बुजवून टाकतात. नकाशा कडेपर्यंत रंगतो आणि न मोजलेला आकडाही लोक खरा धरून चालतात.

प्रवाही: असहमत. प्रवाहाच्या मॉडेलला अर्धवट ग्रिड चालत नाही. एक 'नॅन' आत शिरला की पुढच्या काही पायऱ्यांत शेजारचे चौकोनही नासतात. आणि घेराच्या आत तरी सगळीकडे कुठे मोजलंय? नोंदी जोडून बनवलेल्या डेलॉने त्रिकोणांत तीन दूरदूरच्या नोंदींमधली मोठी मोकळी जागा बिनबोभाट भरली जाते. त्यावर तुमचा आक्षेप कसा नाही?

समोच्च: त्यावरही आहे. घेर हा निकष अपुराच. सर्वांत जवळच्या नोंदीपासूनचं अंतर बघून मास्क लावायला हवा, म्हणजे फार दूरचे चौकोन झाकायला हवेत, घेराच्या आतसुद्धा.

नगेट: तुम्ही दोघं आकड्यावरून भांडताय, त्याच्या खात्रीचं काय? डॅनी क्रिग यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी १९५१ मध्ये जे काम मांडलं, त्याला जॉर्ज माथरों यांनी गणिती बैठक दिली. त्यातून आलेल्या 'क्रिगिंग' या पद्धतीत प्रत्येक चौकोनाला अंदाजाबरोबर व्हेरियन्सही (अंदाज किती अनिश्चित, याचं माप) मिळतो. सगळे चौकोन भरा, पण दुसरा नकाशा व्हेरियन्सचा द्या.

प्रवाही: एकदा व्हेरिओग्राम (अंतराबरोबर नोंदींमधला फरक कसा वाढतो, त्याचा आलेख) ठरला की साध्या क्रिगिंगचा व्हेरियन्स फक्त बिंदूंच्या मांडणीवरून निघतो, मोजलेल्या किमतींचा त्यात वाटा नसतो. मोजक्या नोंदींवर व्हेरिओग्राम बसवणं म्हणजे अंदाजपंचे काम. त्यापेक्षा शेपर्ड यांची १९६८ ची अंतराच्या व्यस्त प्रमाणात भार देणारी पद्धत बरी. निदान नोंदींच्या कमाल-किमानाबाहेर तरी जात नाही.

नगेट: तेच तर तिचं दुखणं आहे! दोन्ही उतारांवर मोजलं आणि माथ्यावर राहून गेलं, तर ती माथा सपाट करते. शिवाय एकेका बिंदूभोवती वर्तुळं उमटतात ती वेगळीच. एकेक नोंद वगळून बाकीच्यांवरून तिचा अंदाज काढा, दोन्ही पद्धतींची चूक शेजारी ठेवा आणि मग बोला.

समोच्च: ती तपासणी जरूर करा, पण ती नोंदी आहेत तिथेच होते. मोकळ्या पट्ट्याबद्दल ती काही सांगत नाही. मॉडेलला भरलेली ग्रिड द्या, मास्कचा थर वेगळा ठेवा आणि नकाशावर मोजणीचे बिंदू दाखवाच.

प्रवाही: वेगळ्या थराला माझी हरकत नाही. पण किती अंतरापलीकडे मास्क, हे कोण ठरवणार?

नगेट: व्हेरिओग्रामची रेंज. तिच्यापलीकडे नोंदींचा एकमेकींशी संबंध उरत नाही. म्हणजे नोंदी मोजक्या असोत की भरपूर, तो बसवल्याशिवाय तुमची सुटका नाही.