सीएमसीचं सॅट प्रकरण: शेजारच्या कॉलेजांनी काय केलं? (लेकीच्या यादीत दोन्ही आहेत)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेत जायचं म्हणते. यादीत कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँट गावची दोन कॉलेजं आहेत, पोमोना आणि क्लेरमाँट मॅकेना, म्हणजे सीएमसी. काल धाकट्या दिरांनी सांगितलं की सीएमसीनं सॅटचे, म्हणजे तिकडच्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे, मार्क फुगवून दाखवले होते, २०१२ मध्ये ते बाहेर आलं, "असल्या ठिकाणी पोरीला घालू नका." शोधलं तर बातमी खरी निघाली. तेव्हापासून घरात हाच विषय.

दोन्ही कॉलेजं एकमेकांना लागून आहेत म्हणे. मग शेजाऱ्यांनी या संधीचा फायदा घेतला का? मुलांना टोमणे खावे लागले का? पदवीवर डाग राहतो का? तेव्हा कोणी तिथे असेल तर सांगा.

नौपाड्याचा:
ताई, मी तेव्हा पोमोनाला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेमकं काय घडलं ते. ३० जानेवारी २०१२, सोमवार. सीएमसीच्या अध्यक्षा पामेला गॅन यांनी स्वतः ईमेल करून कळवलं की प्रवेश विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं २००५ पासून सॅटचे आकडे वाढवून बाहेर दिले. २०१० मध्ये आलेल्या बॅचचा मध्यांक, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचे मार्क, १४०० होता, तो १४१० सांगितला. वरच्या पाव मुलांची रेषा १४८० ला होती, ती १५१० ला नेली. फरक बघितला तर किरकोळ, आणि तरीही केलं. यूएस न्यूज दरवर्षी कॉलेजांची क्रमवारी छापतं, तेव्हा त्या यादीत कॉलेज नववं होतं. अशा यादीत जाणारे आकडे वर्षानुवर्षं खोटे लिहिले गेले, याचा मला आजही राग येतो.

आता तुमचा प्रश्न. क्लेरमाँटमधली पाच कॉलेजं एकाच आवारात असल्यासारखी आहेत: पोमोना, स्क्रिप्स, सीएमसी, हार्वी मड, पिट्झर. लायब्ररी एकच, दवाखाना एकच, कोणाच्याही मेसमध्ये कोणीही जेवतो, एकमेकांचे कोर्स घेता येतात. माझा अकाउंटिंगचा कोर्स सीएमसीत होता. खेळात मात्र दोन तट. पोमोना-पिट्झर एका बाजूला, सीएमसी-मड-स्क्रिप्स दुसऱ्या बाजूला. मधून सिक्स्थ स्ट्रीट जातो आणि त्या रस्त्याच्या नावानंच ही चुरस ओळखली जाते. बास्केटबॉलच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडायचो आम्ही.

त्या संध्याकाळी आमच्या फ्रेरी मेसमध्ये, ओरोझ्कोच्या प्रॉमिथियसच्या भल्यामोठ्या भित्तिचित्राखाली, सगळ्या टेबलांवर हाच विषय. डिवचणारे होतेच, ते लपवत नाही. आमच्या मजल्यावरच्या एकानं तर मॅचला न्यायला पुठ्ठ्यावर जाड मार्करनं १५१० लिहून ठेवलं. त्याला त्याच्याच रूममेटनं थांबवलं. म्हणाला, समोरच्या टीममध्ये मडचे पोरगे आहेत, त्यांचा काय संबंध? आणि आपल्या कॉलेजचे आकडे कोण तपासतं ते सांग बघू. यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. आकडे कॉलेजांनी भरून द्यायचे आणि यादीवाल्यांनी ते छापायचे, अशीच पद्धत होती. तो पुठ्ठा मॅचला गेला नाही.

सीएमसीत माझा एक जिवलग मित्र होता, जळगावकडचा. फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या मुलाखतींचा हंगाम, आणि बँकांसाठीच्या रेझ्युमेवर तिथली मुलं सॅटचे मार्क लिहितात. त्याचे मार्क शंभर टक्के खरे, पण त्याला वाटायला लागलं की समोरचा माणूस कॉलेजचं नाव वाचून हसणार. आम्ही पोमोनाचे दोघं आणि स्क्रिप्सची एक मैत्रीण लायब्ररीतल्या खोलीत त्याची मुलाखत घ्यायला बसलो. मुद्दाम वाकडे प्रश्न विचारले. शेवटी त्याचं उत्तर असं बसलं: "खोटी होती ती कॉलेजनं बाहेर दिलेली सरासरी. माझे मार्क कॉलेज बोर्डाकडून थेट येतात, हवं तर आत्ता मागवून देतो." कॉलेज बोर्ड म्हणजे सॅट घेणारी संस्था. हे तुमच्या दिरांनाही सांगा. कोणाही मुलाच्या मार्कांना हात लागलेला नव्हता.

सोलापूरकर:
दोस्तांनी साथ दिली, चांगलंच केलं. पण त्यामुळे फसवणूक लहान होत नाही. १४०० मार्कांचं एखादं पोरगं तो फुगवलेला आकडा बघून "आपलं काम नाही" म्हणत अर्ज न करता बसलं असेल, त्याचं काय? शिवाय यादीत खाली राहिलेल्या, खरं सांगणाऱ्या कॉलेजांवर अन्याय झालाच. आपल्याकडे एनआयआरएफला, म्हणजे सरकारी क्रमवारीलाही, आकडे संस्थाच भरून देतात, तेव्हा मला हे अजिबात परकं वाटत नाही.

नौपाड्याचा:
पूर्ण पटतं. शिक्षाही झाली. किपलिंगर मासिकानं कॉलेजला आपल्या यादीतून काढलं, २०१३ मध्ये फोर्ब्सनं सीएमसीसह चार संस्था दोन वर्षांसाठी वगळल्या. एमरी विद्यापीठाचंही असंच प्रकरण २०१२ मध्येच बाहेर आलं. दहा वर्षांनी कोलंबिया विद्यापीठाचं निघालं, तेही त्यांच्याच गणिताच्या प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, आकडे तपासून काढलं. यूएस न्यूजच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्यावर. म्हणून म्हणतो, शेजारच्याला नावं ठेवायच्या आधी आपलं दप्तर उघडावं. पिट्झरचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं, त्यांनी या सगळ्याच्या कितीतरी आधी सॅटची सक्तीच काढून टाकली होती.

पेरूगेट:
वाचून पुरुषोत्तम करंडक आठवला. भरत नाट्य मंदिरात समोरच्या कॉलेजच्या नावानं आरोळ्या ठोकायच्या आणि त्यांच्या एकांकिकेला प्रॉपर्टी कमी पडली की आपलीच टेबलं-खुर्च्या उचलून द्यायच्या. पोरांची चुरस अशीच असते. यादीतल्या नंबरासाठी कार्यालयांत जी चालते, ती वेगळी.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. दिरांना वाचून दाखवलं, ते कॉलेज बोर्डाच्या मुद्द्यावर गप्प झाले. नौपाडकर दादा, एकच विचारते. कोर्स एकमेकांचे घेता येतात तर एका अर्जात दोन्हीकडे प्रयत्न होतो का?

नौपाड्याचा:
नाही ताई. पाचही कॉलेजांचा प्रवेश वेगवेगळा, निबंध वेगळे, निर्णय वेगळे. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करायला लावा आणि आर्थिक मदत हवी असेल तर त्याचे कागद अर्जासोबतच तयार ठेवा, परदेशी मुलांच्या बाबतीत निवड करताना ती गरज बघितली जाते. आणि दोन्ही कॉलेजांच्या साइटवर 'कॉमन डेटा सेट' नावाची फाइल शोधा, त्यात कॉलेज आपले प्रवेशाचे आणि मार्कांचे आकडे ठरलेल्या साच्यात देतं. एकाच वर्षाची नको, चार-पाच वर्षांच्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. अडलं तर इथेच विचारा, मी बघतो.