बाबा बरे होऊन महिना उलटला, आता टेस्ट परत पॉझिटिव्ह! काय करायचं?

कृष्णाकाठ (ऑक्टोबर २०२०):
बाबांना (वय ६८) ऑगस्टच्या शेवटी कोविड झालेला, माइल्ड होता, घरीच बरे झाले, चव-वास सगळं परत आलं, रोज गच्चीत चकरा मारतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून आरटीपीसीआर करायला लावली तर परत पॉझिटिव्ह! ना ताप ना खोकला. सीटी व्हॅल्यू ३३ लिहिलीय. रिपोर्ट आमच्या हातात पडायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी, कामवाल्या मावशींना गेटवरच अडवलं. आईला डायबिटीस आहे त्यामुळे जास्त टेन्शन. परत सगळ्यांनी क्वारंटाइन व्हायचं का? भाऊ म्हणतो विषाणू आत दबा धरून बसतो आणि परत उठतो, खरंय का हे?

झणझणीत_मिसळ:
शेजारच्या काकांचं सेम. पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, मग परत पॉझिटिव्ह. सगळे पैसे उकळायचे धंदे आहेत, दुसरं काय.

पिपेटवाली:
धंदे नाहीत हो, मी लॅबमध्येच काम करते. ही टेस्ट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मसाला, शोधते, तो जिवंत आहे की मेलेला हे तिला कळतच नाही. लग्न उरकून वऱ्हाड गेलं तरी मांडवात पत्रावळ्या पडलेल्या असतात ना, तसे तुकडे नाकाघशात आठवडेच्या आठवडे निघत राहतात. सीटी म्हणजे किती सायकल फिरवल्यावर काहीतरी दिसलं तो आकडा, प्रत्येक सायकलला माल साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० वाल्याच्या मानाने ३३ वाल्याकडे अंदाजे ८,००० पट कमी. आपल्याकडे बऱ्याच किटला ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरतात. काठावरच्या माणसाचा स्वॅब आज नीट घेतला गेला तर पॉझिटिव्ह, उद्या घाईत घेतला तर निगेटिव्ह. काकांचं बहुतेक तेच झालं असणार.

उंटावरचा_शहाणा:
भावाला कोरियाचं सांगा. एप्रिलमध्ये तिथे हाच गोंधळ झाला होता, दोन टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय सोडत नव्हते तरी सोडलेले लोक परत पॉझिटिव्ह यायला लागले आणि आधी त्यांच्या अधिकाऱ्यांनाही वाटलं की विषाणू परत जागा झाला की काय. मग त्यांनी नीट छडा लावला. असे २८५ जण, त्यांच्या संपर्कातले ७९० लोक तपासले, ह्यांच्यामुळेच लागण झाली असा एकही सापडला नाही. १०८ जणांच्या नमुन्यातून विषाणू वाढवून बघितला, एकाचाही वाढला नाही. मे महिन्यात परत टेस्ट, परत आयसोलेशन हा प्रकारच बंद करून टाकला. आपल्या केंद्र सरकारनेही मेमध्येच माइल्डवाल्यांना डिस्चार्जआधी टेस्ट नको म्हणून सांगितलंय, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला कोण समजावणार.

नाइट_शिफ्ट:
अगदीच बिनधास्त पण राहू नका. खरोखर दुसऱ्यांदाही होतो. हाँगकाँगचा ३३ वर्षांचा माणूस, मार्चमध्ये झाला, ऑगस्टमध्ये स्पेनहून परतताना एअरपोर्टवर परत पॉझिटिव्ह. दोन्ही वेळचे विषाणू जनुकांवरून वेगळे निघाले म्हणून ते रिइन्फेक्शन पक्कं ठरलं. पण तिथे मधे साडेचार महिने गेले होते, तुमच्याकडे महिना-दीड महिना. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी पण म्हणते की लक्षणं नसतील तर तीन महिन्यांच्या आत परत टेस्टच करू नका. हां, ताप आला, दम लागला, ऑक्सिजन खाली आला तर मात्र लगेच डॉक्टर. कॅन्सरची औषधं किंवा ट्रान्सप्लांटवाल्यांचं गणित वेगळं असतं, बाबांचं तसं काही नाही ना?

कृष्णाकाठ:
नाही, फक्त बीपीची गोळी. आमच्या डॉक्टरांना फोन केला, ते पण म्हणाले जुनेच तुकडे असणार, आईला वेगळं ठेवायची गरज नाही. पण डोळ्यांच्या दवाखान्याला निगेटिव्ह रिपोर्टच पाहिजे म्हणे, नाहीतर तारीख पुढे.

पिपेटवाली:
निगेटिव्हच्या मागे लागून दर आठवड्याला स्वॅब देऊ नका, महिनाभर असंच वर-खाली येत राहील. ऑगस्टचा पहिला रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना थेट भेटा, काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही.

कृष्णाकाठ:
पहिला रिपोर्ट बाबांच्या जुन्या मोबाइलमध्ये आहे आणि त्याचा डिस्प्ले गेलाय 🤦 लॅबवाले परत प्रिंट देतात का?

पिपेटवाली:
देतात. रजिस्टर केलेला नंबर सांगा फक्त.