बरोबरच्या चिन्हात दोन रेघाच का?

तिसरीची आई:
काल गृहपाठ करताना लेकीने विचारलं, आई बरोबरला दोन रेघा का, एक का नाही? एक काढली तर उणे होईल ना, असं सांगून वेळ मारून नेली, पण ते तिला पटलं नाही आणि खरं तर मलाही. ही चिन्हं कुणी ठरवली? तिला समजेल असं कुणी सांगाल का?

पाटीपेन्सिल:
ताई, लेकीने एकदम मुळालाच हात घातलाय! रॉबर्ट रेकॉर्ड म्हणून वेल्सचे एक डॉक्टर होते, गणिताची पुस्तकं लिहायचे. सारखं सारखं 'च्या बरोबर आहे' लिहायचा कंटाळा आला म्हणून १५५७ मध्ये त्यांनी दोन समांतर रेघा काढल्या, आणि कारणही तिथेच लिहिलं की याहून सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. जुळ्या रेघा म्हणायचे ते त्यांना. लेकीला जुळ्या बहिणी सांगा, लगेच कळेल. अधिक-उणे त्याच्या आधीचे, १४८९ मध्ये जर्मनीत विडमान यांच्या व्यापारी हिशोबाच्या पुस्तकात छापलेत.

खडूफळा:
मी प्राथमिकला शिकवते. बऱ्याच मुलांना = म्हणजे 'आता उत्तर लिहा' एवढंच वाटतं. ८ + ४ = ☐ + ५ दिलं की चौकटीत पटकन १२ लिहून मोकळी. त्यांना तागडी दाखवायला हवी हो. घरी हँगरच्या दोन्ही टोकांना कागदी कप बांधा, एकात ८ आणि ४ अशी एकसारखी बटणं टाका, दुसऱ्यात ५, आणि अजून किती टाकली की हँगर सरळ होईल ते तिलाच शोधू दे.

बीजगणितप्रेमी:
आपल्या भास्कराचार्यांचंही सांगा तिला. ११५० च्या त्यांच्या बीजगणितात माहीत नसलेली संख्या म्हणजे 'या', यावत्तावत् (जेवढं असेल तेवढं) मधला, दुसरी असेल तर 'का' म्हणजे काळा, मग 'नी' म्हणजे निळा, अगदी रंगपेटीच! ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. बरोबरला मात्र खूणच नव्हती, दोन्ही बाजू एकाखाली एक मांडायचे.

तिसरीची आई:
सगळ्यांना मनापासून थँक्यू! हँगर केला, सातव्या बटणाला सरळ झाला आणि ती नाचायलाच लागली. मग तिने स्वतःच एक बटण काढलं, हँगर कलला, तर वहीत = काढून त्यावर तिरकी काट मारली आणि म्हणाली, आता हे असं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं!