अमेरिकेत दोनच टोकं, युरोपात तसं का नाही?

टिवल्याबावल्या: अमेरिकेत मधलं कोणी उरलंच नाही. हे सगळं ट्रम्पमुळे झालं की आधीपासूनचं?

जुनंखोड: ट्रम्पचं काय घेऊन बसलात, १८५६ मध्ये प्रेस्टन ब्रूक्स नावाच्या खासदाराने भर सिनेटमध्ये (संसदेचं वरचं सभागृह) सिनेटर चार्ल्स समनरला काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं, का तर गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून, आणि दक्षिणेतल्या लोकांनी ब्रूक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या! पण आत्ताची फाळणी १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यानंतरची, म्हणजे वंशभेदावर बंदी घालणाऱ्या कायद्यानंतरची. त्याआधी दोन्ही पक्षांत पुरोगामी नि सनातनी असायचे, मग दक्षिणेतले गोरे डेमोक्रॅट हळूहळू रिपब्लिकन झाले, दक्षिणेतला सिनेटर स्ट्रॉम थर्मंड तर त्याच वर्षी.

शेवंता_७: युरोपाला उगाच डोक्यावर घेऊ नका हं, वायमार जर्मनीत, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाही जर्मनीत, रस्त्यावर मुडदे पडत होते. आता तिथे ५ टक्के मतं मिळाली की संसदेत जागा, मग सरकार बनवायला कालच्या विरोधकाशी जुळवून घ्यावंच लागतं. अमेरिकेत मतदारसंघात एकच जिंकणार, तिसऱ्याला कोण विचारतो?

टिवल्याबावल्या: पण ब्रिटनमध्ये पण तीच पद्धत आहे की.

जुनंखोड: आहे, पण तिथे बहुमत मिळालं की पंतप्रधान कायदा करून मोकळा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा नि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दुसऱ्याच्या हातात गेली की बसा बोंबलत.